पियानोच्या क्लासला नाव घालण्याआधी

सोलापुरात पियानो शिकायचा विचार करणारी बहुतेक माणसे पेटीच्या किंवा कीबोर्डच्या वाटेने आलेली असतात. कुणी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या असतात, कुणाच्या घरी भजनी मंडळाची जुनी पेटी असते, तर कुणाच्या मुलाला वाढदिवसाला मिळालेला छोटा कीबोर्ड कपाटावर धूळ खात पडलेला असतो. त्यामुळे माझ्याकडे चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो : "पेटी येते, म्हणजे पियानो लवकर जमेल ना?" मी स्वतः आधी पेटी आणि पुष्कळ वर्षांनी पियानो अशा क्रमाने शिकले असल्यामुळे या प्रश्नाला नुसते हो किंवा नाही म्हणून मोकळे होणे मला जमत नाही; शिवाय वाद्य कोणते घ्यावे, शिक्षक कसा पारखावा, घरी सराव कसा व्हावा, हे पुढचे सगळे प्रश्न याच एका प्रश्नाच्या पोटात दडलेले आहेत.

पेटीवाल्याला पियानोवर काही गोष्टी आयत्या मिळतात, हे खरे आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तीच असते. ज्याला आपण पांढरी एक म्हणतो तो पियानोचा सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, म्हणजे नकाशा ओळखीचाच. पांढरी एकचा षड्ज धरून बिलावल थाट वाजवला, की सी मेजर ही पाश्चात्त्य स्केल, म्हणजे स्वरांची ठरलेली मालिका, वाजून जाते आणि आसावरी थाटाचे स्वर वाजवले, की नॅचरल मायनर ही दुसरी स्केल हाताखाली येते. ज्याच्या कानात हे थाट मुरलेले आहेत, त्याला थिअरीच्या पुस्तकातली बरीच पाने नवी वाटत नाहीत. सुरात आहे की नाही, हे ओळखणारा कान आणि लयीत राहणारा पाय या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे असतात आणि नवशिक्याला त्या मिळवायला बराच काळ लागतो.

अडचण सुरू होते ती आवाज निघण्याच्या रीतीपासून. पेटीत भात्याची हवा रीडवरून वाहत राहते, म्हणून पट्टी दाबलेली आणि भाता चालू असेपर्यंत सूर टिकतो. तो लहान-मोठा करायचा तो भात्याने, पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, त्याने फरक पडत नाही. पियानोत पट्टी दाबली की आत लोकर दाबून केलेल्या नमद्याची एक हातोडी तारांवर आदळते आणि लगेच मागे येते. त्या क्षणानंतर त्या सुराचे वादक फारसे काही करू शकत नाही; तो सूर विरतच जाणार. आवाज किती मोठा हे ठरते पट्टी किती वेगाने खाली गेली यावर. म्हणजे पेटीवर जे काम डाव्या हाताचा भाता करतो, ते पियानोवर दहाही बोटांना प्रत्येक सुरागणिक करावे लागते. फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे यंत्र बनवले ते नेमके यासाठीच. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जात असे आणि बोटाच्या जोराने तिचा आवाज कमी-जास्त होत नसे.

कुणाकडे खरा, तारांचा पियानो पाहायला मिळाला, तर मी एक प्रयोग करून पाहायला सांगते. मधल्या सी ची पट्टी इतकी सावकाश दाबावी, की आवाजच येणार नाही. हातोडी वर उचलली जाते, पण तारेपर्यंत पोचत नाही. पट्टी तशीच दाबून ठेवून डाव्या हाताने एक सप्तक खालचा सी झटकन वाजवून सोडून द्यावा. खालचा सूर थांबतो आणि न वाजवलेला वरचा सूर आतून गुणगुणताना ऐकू येतो. कारण दाबलेल्या पट्टीचा डँपर, म्हणजे तार गप्प ठेवणारी नमद्याची गादी, उचललेली राहिली आणि ती तार आपोआप झंकारली. पियानोत पट्टी धरणे आणि सोडणे याला काय अर्थ असतो, हे या एका प्रयोगातून लक्षात येते. उजव्या पायाखालचे पेडल दाबले, की सगळे डँपर एकदम उचलले जातात. म्हणून नवशिक्याने पेडल दाबून ठेवून वाजवले, की सगळे सूर एकमेकांत कालवले जातात आणि ऐकणाऱ्याला मात्र ते भारदस्त वाटते. चांगला शिक्षक पहिले काही महिने पेडलला पाय लावू देत नाही.

दुसरी अडचण डाव्या हाताची. पेटीवर तो आयुष्यभर भात्यावर असतो. पियानोवर त्याला उजव्याइतकेच काम असते आणि तेसुद्धा वेगळे काम. पेटी वाजवलेल्या माणसाचा उजवा हात पहिल्याच आठवड्यात सरळ-सोप्या सुरावटी वाजवू लागतो, डावा मात्र पाटीवर अक्षरे गिरवत बसतो. या विषमतेमुळे मोठ्या माणसांचा धीर सुटतो, असे मी पाहिले आहे. कोऱ्या पाटीचे लहान मूल दोन्ही हातांनी सारखेच चुकते आणि त्यामुळे दोन्ही हात बरोबरीने वाढतात. पेटीवाल्याला उजव्या हाताला मुद्दाम थोपवून धरावे लागते. करंगळीचाही असाच प्रश्न आहे. पेटीवर पुष्कळजण ती जवळजवळ वापरतच नाहीत. पियानोत दोन्ही हातांच्या अंगठ्याला एक आणि करंगळीला पाच असे क्रमांक असतात, नोटेशनवर, म्हणजे सुरांच्या छापील लिपीत, कोणत्या सुराला कोणते बोट हे दिलेले असते आणि ते क्रमांक पाळावे लागतात. "मला माझ्या सवयीच्या बोटांनीही हे वाजवता येते" हे पहिल्या पानावर खरे असते, दहाव्या पानावर बोटे अपुरी पडतात.

तिसरी गोष्ट वाचनाची. आपल्याकडे सरगम लिहून, तालाच्या खुणांखाली स्वर मांडून किंवा सरळ गुरुजींच्या मागून म्हणून विद्या घेतली जाते. पियानोचे शिक्षण कागदावरच्या पाच-पाच रेषांच्या दोन ओळींवर चालते : वरची साधारणपणे उजव्या हाताची, ट्रेबल क्लेफची (क्लेफ म्हणजे ओळीच्या सुरुवातीला असलेली, सुरांच्या जागा ठरवणारी खूण), आणि खालची डाव्या हाताची, बास क्लेफची, मधला सी या दोहोंच्या मधल्या छोट्या रेघेवर बसतो. डोळ्यांनी दोन्ही ओळी एकदम वाचायच्या आणि हातांनी त्या एकदम वाजवायच्या, हे पियानोतले खरे कष्टाचे काम आहे. ज्याचा कान तयार आहे तो इथे हटकून पळवाट शोधतो : शिक्षकाने एकदा वाजवून दाखवले की त्याला पाठ होते आणि कागदाकडे पाहण्याची गरज उरत नाही. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावणे ही अशीच दुसरी पळवाट. स्टिकर लावले, की मूल रेषा वाचायचे सोडून पट्ट्या वाचते आणि ते काढायची वेळ आली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एवढे सांगून झाल्यावर मी उलट प्रश्न विचारते : शिकून वाजवायचे काय आहे? अभंगाला, नाट्यगीताला किंवा ख्यालाला साथ करायची असेल, तर पियानोच्या नादी लागू नये, पेटीच पुढे शिकावी. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, तर दोन्ही वाद्यांवर निघत नाही. पण गाणाऱ्याचा लांबवलेला सूर पेटी निदान धरून ठेवते, पियानोला तेही साधत नाही. हिंदी चित्रपटगीते डाव्या हाताने कॉर्ड (एकदम वाजवलेले काही सूर) आणि उजव्याने चाल अशी वाजवायची हौस असेल, तर साधा कीबोर्ड आणि कीबोर्डचा क्लास पुरेसा आहे, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पियानो शिकावा तो ज्याला दोन हातांत दोन स्वतंत्र सुरावटी खेळवण्याची, एकाच वाद्यातून हळू आणि मोठ्या आवाजांच्या छटा काढण्याची आणि पाश्चात्त्य रचना कागदावरून वाचून वाजवण्याची ओढ आहे त्याने. हा खुलासा आधी झाला, तर पुढचा बराच खर्च वाचतो.

आता वाद्याविषयी. खऱ्या अपराइट पियानोचे वजन दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. आत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. हा ताण पेलणारी चौकट लोखंडी असली, तरी आवाज देणारा साउंडबोर्ड पातळ लाकडाचा असतो आणि लाकूड हवेतली आर्द्रता शोषते. सोलापूरची हवा या वाद्याला मानवणारी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, साउंडबोर्ड आकसतो आणि सूर उतरतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि सूर चढतात. त्यात उन्हाळ्यात घराघरांत पाण्याचा कूलर लागतो आणि त्याचा ओलसर झोत नेमका हॉलमधल्या पियानोवर येतो. एका बाजूला तापलेल्या पत्र्याची झळ, समोर कूलर, अशा जागी ठेवलेले वाद्य वर्षभरात बिघडते. बंद राहिलेल्या जुन्या पियानोच्या नमद्याला कसरही लागते, त्यामुळे आत डांबरगोळ्या ठेवाव्या लागतात. वर्षातून किमान दोनदा ट्यूनिंग करून घ्यावे लागते. माझ्या परिचयातल्या एका घरी त्यासाठी पुण्याहून माणूस येतो आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येणाऱ्या त्या माणसाचा मुक्काम, जेवण आणि परतीचे भाडे हे ट्यूनिंगच्या पैशांवर वेगळे असते. मुंबईतल्या एखाद्या घरातला जुना पियानो स्वस्तात मिळतो आहे असे कळले, तरी वाहतूक, जिना, आणि हे सगळे धरून हिशेब करावा. स्वस्त पियानोइतके महाग वाद्य दुसरे नाही, असे माझे मत झाले आहे.

म्हणून आपल्या गावात शिकणाऱ्यासाठी डिजिटल पियानो हाच शहाणपणाचा पर्याय आहे, फक्त डिजिटल पियानो आणि कीबोर्ड यांतला फरक दुकानात जाण्याआधी पक्का माहीत असावा. पूर्ण पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या. डिजिटल पियानोत त्या सगळ्या असतात आणि प्रत्येक पट्टीला खऱ्या हातोडीसारखे वजन दिलेले असते. दुकानात याला हॅमर अॅक्शन म्हणतात. चांगल्या वाद्यात डावीकडच्या पट्ट्या उजवीकडच्यांपेक्षा किंचित जड लागतात. यामाहा, कॅसिओ, रोलंड यांची अशी प्राथमिक मॉडेले साधारण चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान येतात. एकसष्ट पट्ट्यांचा हलका कीबोर्ड दहा ते वीस हजारांत मिळतो. तेवढेच परवडत असेल, तर पहिले सहा-आठ महिने त्यावर काढता येतात, पण तो टच सेन्सिटिव्ह असावा, म्हणजे बोट हळू पडले तर आवाज लहान आणि जोरात पडले तर मोठा यायला हवा. दुकानदार हमखास त्यातले पाचशे आवाज आणि तयार ताल वाजवून दाखवतो. ते ऐकून घ्यावे, मग पियानोचा आवाज लावायला सांगून एकच पट्टी आधी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात अशी वाजवून पाहावी. तिन्ही वेळा आवाज सारखाच आला, तर ते वाद्य पियानो शिकण्यासाठी नाही. पट्ट्यांची रुंदीही पाहावी. लहान मुलांसाठी म्हणून विकले जाणारे बारीक पट्ट्यांचे वाद्य घेतले, तर हाताला चुकीच्या अंतराची सवय लागते.

पेटीवाल्यांना ट्रान्सपोजच्या बटणाचा मोह होतो. स्केल चेंजर पेटीवर पट्ट्या सरकवून काळी चारचे गाणे पांढरी एकच्या बोटांनी वाजवायची आपल्याला सवय असते आणि हे बटण तेच करते. पण रेषांवर लिहिलेला सूर आणि कानाला ऐकू येणारा सूर यांची गाठ बसण्याच्या काळात या बटणाला हात लावू नये. कागदावर सी दिसतो, बोट सी वर आहे आणि कानावर ए फ्लॅट पडतो आहे, अशा अवस्थेत वाचन कधीच पक्के होत नाही.

जागेचे म्हणाल, तर अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे वाद्य सुमारे एक मीटर तीस सेंटिमीटर लांब असते आणि फूटभर खोल. जुळे सोलापुरातल्या वन बीएचकेमध्येही ते एका भिंतीला मावते. स्टँड भक्कम असावा आणि बसायला प्लॅस्टिकच्या खुर्चीऐवजी पाठ नसलेले, योग्य उंचीचे स्टूल असावे : बोटे पट्ट्यांवर ठेवली, की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर यायला हवा. लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट द्यावा. सोबत येणारे छोटे पेडल गुळगुळीत शहाबादी फरशीवर पुढे पुढे पळते, त्याखाली रबरी मॅट घालावी. वीज गेली तरी फारशी अडचण येत नाही, कारण ही वाद्ये अगदी थोडी वीज घेतात आणि घरचा इन्व्हर्टर त्यांना सहज चालवतो. धूळ मात्र आपल्याकडे भरपूर. वाजवून झाल्यावर वर चादर टाकावी, आणि चादरीसाठी सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. हेडफोनची सोय हा डिजिटलचा फार मोठा गुण आहे, कारण एकच ओळ चाळीस वेळा ऐकण्याची सहनशक्ती शेजाऱ्यांकडून अपेक्षिणे योग्य नाही. तरीही रोजच्या सरावातला काही भाग उघड्या आवाजात व्हावा, म्हणजे खोलीत सूर कसा पसरतो ते कळते.

शिक्षकाच्या बाबतीत गावाला मर्यादा आहेत. कीबोर्डचे वर्ग पुष्कळ आहेत. पियानोच्या पद्धतीने शिकवणारे थोडे. पाटीवर पियानो लिहिलेले असले, तरी आत काय शिकवतात हे एक तास बसून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि पालकाला तास पाहू द्यायला जो नकार देतो त्याच्याकडे नाव घालू नये. पाहताना तीन-चार गोष्टींवर लक्ष ठेवावे. पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही हात आणि दोन्ही क्लेफ सुरू होतात का. बोटांचे क्रमांक, मनगट, बसण्याची पद्धत याकडे शिक्षक पाहतो का. तो स्वतः वाजवून दाखवतो का, की नुसते "पुन्हा वाजव" म्हणतो. एका बॅचमध्ये आठ मुले आणि प्रत्येकाच्या कानात हेडफोन, असा वर्ग स्वस्त पडतो, पण त्यात मुलाचे मनगट कुणीही पाहत नाही. आठवड्यातून एकदा, एकट्याला अर्धा तास, ही नवशिक्यासाठी पुरेशी आणि जगभर रुळलेली पद्धत आहे. पुण्या-मुंबईच्या शिक्षकांकडे ऑनलाइन शिकणेही आता शक्य आहे. फक्त फोन समोर न ठेवता बाजूने आणि थोडा उंचावर लावावा, म्हणजे चेहऱ्याऐवजी बोटे आणि मनगट दिसतात. आवाज पोचायला क्षणभर उशीर होत असल्याने दोघांनी एकत्र वाजवणे ऑनलाइन जमत नाही, आणि लयीसाठी ते एकत्र वाजवणे फार उपयोगाचे असते. त्यामुळे पहिले वर्षभर तरी समोरासमोर शिकावे, असे मी सुचवते.

वयाविषयी फार घोळ घालू नये. सहा-सात वर्षांचे मूल, ज्याला अक्षरे वाचता येतात आणि वीस मिनिटे एका जागी बसता येते, ते शिकू शकते. एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते आणि लहान हात तेवढा ताणला जात नाही, पण सुरुवातीच्या रचना पाच बोटांच्या आवाक्यातल्याच असतात. पन्नाशीच्या माणसाला बोटांचा वेग उशिरा येतो, समज मात्र लवकर येते.

सरावाच्या बाबतीत पालकांची समजूत बहुधा अशी असते, की क्लासमध्ये शिकवतात आणि घरी उजळणी होते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे : क्लासमध्ये कसे शिकायचे ते सांगतात आणि शिकणे घरी होते. लहान मुलाला रोज पंधरा-वीस मिनिटे, मोठ्याला अर्धा तास. रविवारी एकदम दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण बोटांची सवय झोपेच्या आणि दिवसांच्या अंतराने मुरते. नवी रचना आधी डावा हात एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही अर्ध्या लयीत, आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांच्या आसपास लावून, अशी घ्यावी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवत राहण्यापेक्षा अडणारे दोन बार, म्हणजे नोटेशनमधले उभ्या रेघांनी पाडलेले दोन कप्पे, बाजूला काढून तेवढेच दहा वेळा वाजवावेत. आपल्याकडे पलट्यांचा रियाज करणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. नखे मात्र दर आठवड्याला कापावी लागतात, आणि इथे काही मुलींशी माझे वाद झालेले आहेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी पाहुणे आले, की सराव आठ-दहा दिवस बंद पडतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. वाद्य माजघरात न ठेवता येता-जाता बसता येईल अशा ठिकाणी ठेवले, तर ते पुन्हा सुरूही लवकर होते.

परीक्षांचा विषय पहिल्याच भेटीत निघतो, तो निदान वर्षभर तरी बाजूला ठेवावा. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा आपल्याकडे प्रामुख्याने दिल्या जातात. इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत त्यांच्या पायऱ्या आहेत. एबीआरएसएमच्या प्रत्यक्ष परीक्षेत तीन रचना, स्केल, समोर ठेवलेले नोटेशन वाचून वाजवणे आणि कानाची परीक्षा असते. एकूण गुण दीडशे, उत्तीर्ण व्हायला शंभर लागतात, आणि सहाव्या ग्रेडला बसण्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरीची किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा द्यावी लागते. ट्रिनिटीचे गुण शंभरपैकी, उत्तीर्ण होण्याची रेषा साठ. २०२० पासून दोन्ही मंडळांनी चित्रफीत पाठवून परीक्षा देण्याची सोय केली आहे, त्यामुळे सोलापूरच्या मुलाला प्रत्येक ग्रेडसाठी केंद्राच्या गावी जावेच लागेल असे राहिलेले नाही. गांधर्वच्या परीक्षांची सवय असलेल्या घरांत या ग्रेडही वर्षाला एक या हिशेबाने मोजल्या जातात आणि मग मूल वर्षभर त्याच तीन रचना घासत बसते. क्लासचा शिक्षक दर वर्षी ग्रेड काढून देण्याची हमी देत असेल, तर त्याला एवढेच विचारावे, की परीक्षेच्या तीन रचनांखेरीज मागच्या वर्षात मुलांनी आणखी काय वाजवले.